नवा संगणक वारंवार कोलमडतो तेव्हा...

दसऱ्याच्या मुहूर्तावर हौसेने घेतलेला नवाकोरा डेस्कटॉप संगणक दिवाळीपूर्वीच मान टाकू लागतो. मुलाचा प्रकल्प अर्ध्यावर असताना पडदा एकाएकी निळा होतो. कधी काहीही न सांगता यंत्र आपोआप पुन्हा सुरू होते, तर कधी माऊसचा बाण जागच्या जागी थिजतो. दुकानदाराला दूरध्वनी केला की ठरलेले उत्तर मिळते : 'व्हायरस असेल. घेऊन या, फॉरमॅट मारून देतो.' संगणक रिक्षात घालून नेला जातो, विंडोज नव्याने टाकली जाते आणि चार दिवसांनी तोच पडदा पुन्हा समोर उभा राहतो. अशा दोन-तीन फेऱ्यांत सदोष भाग विनातक्रार बदलून मिळण्याची सुरुवातीची मुदत टळून जाते. शिवाय बिघाडाच्या ज्या नोंदी संगणकाने स्वतःच करून ठेवलेल्या असतात, त्याही प्रत्येक फॉरमॅटबरोबर पुसल्या जातात.

नव्या यंत्रात दोष कसा असेल, हा प्रश्न स्वाभाविक आहे. मात्र अभियांत्रिकीचा अनुभव याच्या उलट आहे. इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या बिघाडाचे प्रमाण काळानुसार मांडले, तर आलेखाला बाथटबसारखा आकार येतो. सुरुवातीच्या काळात कच्चे राहिलेले भाग निकामी होतात, मग बरीच वर्षे शांततेची जातात आणि शेवटी झीज झाल्याने बिघाड पुन्हा वाढतात. पाच वर्षे सुरळीत चाललेला संगणक अचानक कोलमडू लागला, तर आधी नव्याने टाकलेल्या एखाद्या सॉफ्टवेअरकडे पाहावे. पहिल्याच आठवड्यापासून कोलमडणाऱ्या संगणकाच्या बाबतीत मात्र संशयाची सुई प्रथम रॅम, वीजपुरवठा, उष्णता आणि जोडणी यांच्याकडेच वळवायला हवी. फॉरमॅट हा तेथे पहिला नव्हे, अखेरचा उपाय होय.

आधी नोंदी वाचाव्यात

संगणक 'बंद पडतो' एवढेच सांगून भागत नाही. तो निळा पडदा दाखवून बंद पडतो, की क्षणात वीज गेल्यासारखा? (हा निळा पडदा मायक्रोसॉफ्टने २०२५ मध्ये विंडोज ११च्या २४एच२ आवृत्तीत काळा केला, मजकुराचा अर्थ तोच.) पडद्यावर तळाशी 'स्टॉप कोड' दिलेला असतो. त्याचे मोबाइलवर छायाचित्र घेण्याची सवय लावून घ्यावी. 'मेमरी मॅनेजमेंट' हा शब्दप्रयोग वारंवार दिसला तर रॅमचा संशय बळावतो. 'व्हिडिओ टीडीआर फेल्युअर' हे ग्राफिक्स कार्ड किंवा त्याच्या ड्रायव्हरकडे बोट दाखवते, तर 'व्हिया अनकरेक्टेबल एरर' म्हणजे खुद्द हार्डवेअरनेच चूक कळविली आहे, असे समजावे. दर वेळी वेगळाच कोड येत असेल, तर तोही एक पुरावाच आहे. ड्रायव्हरची चूक सहसा एकाच ठिकाणी ठेच खाते. सदोष रॅम मात्र आज इथे, तर उद्या तिथे अडखळवते.

विंडोजमधील 'रिलायबिलिटी मॉनिटर' तारीखवार कोलमडण्यांचा तक्ता दाखवतो आणि 'इव्हेंट व्ह्यूअर'मध्ये त्यांचा तपशील मिळतो. तेथे 'कर्नल-पॉवर ४१' अशी नोंद अनेकांना दिसते आणि पुष्कळजण त्यावरून लगेच एसएमपीएस बदलून मोकळे होतात. ही घाई योग्य नाही. यंत्र नीट बंद न होता पुन्हा सुरू झाले, एवढेच ही नोंद सांगते. का, ते सांगत नाही. मात्र तिच्यातील 'बगचेक कोड' शून्य असेल आणि निळा पडदाही दिसलेला नसेल, तर विंडोजला टिपण लिहायलाही सवड मिळाली नाही, असा अर्थ निघतो. अशा वेळी वीजपुरवठ्याची तपासणी आधी करणे शहाणपणाचे.

रॅमची परीक्षा

नव्या संगणकाच्या दुखण्यांत रॅमचा वाटा मोठा असतो आणि तिची परीक्षा घरच्या घरी, फुकटात घेता येते. 'मेमटेस्ट८६' किंवा 'मेमटेस्ट८६ प्लस' ही आज्ञावली पेन ड्राइव्हवर घ्यावी, संगणक त्यावरून सुरू करावा आणि रात्रभर चालू ठेवावा. किमान चार फेऱ्या पूर्ण होऊ द्याव्यात. येथे पस्तीस टक्क्यांना उत्तीर्ण होण्याची सोय नाही. एकही चूक निघाली तरी निकाल नापासच. चुका निघाल्यास दोन पट्ट्यांपैकी एक काढून एकेकीची स्वतंत्र परीक्षा घ्यावी. एकाच खाचेत एक पट्टी उत्तीर्ण आणि दुसरी नापास झाली, तर दोषी पट्टी सापडली. दोन्ही पट्ट्या एकाच खाचेत नापास आणि दुसरीत उत्तीर्ण होत असतील, तर दोष मदरबोर्डात असण्याची शक्यता अधिक.

परंतु रॅम निर्दोष असूनही चुका निघू शकतात. आजकाल रॅमच्या खोक्यावर छापलेला वेग हा बहुधा तिचा मूळ वेग नसतो. डीडीआर५ रॅमवर ६००० लिहिलेले असले, तरी बायोसमध्ये एक्सएमपी किंवा एक्स्पो ही सोय सुरू केल्यावरच तो वेग मिळतो आणि तांत्रिकदृष्ट्या तो 'ओव्हरक्लॉकिंग'चाच प्रकार असतो. जुळणी करणारा हौशी तंत्रज्ञ ही सोय सुरू करून देतो; प्रोसेसर आणि मदरबोर्डला तो वेग झेपला नाही की कोलमडणे सुरू होते. ही सोय बंद करून दोन दिवस संगणक वापरून पाहणे, ही माझ्या मते नव्या यंत्रावरची सर्वांत स्वस्त आणि सर्वांत कमी वापरली जाणारी चाचणी आहे. चार पट्ट्या लावलेल्या असतील, तर हा धोका आणखी वाढतो. दोनच पट्ट्या असतील तर त्या बहुतेक मदरबोर्डांवर प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत हव्या असतात. मदरबोर्डच्या पुस्तिकेत ते चित्रासह दिलेले असते. ती पुस्तिका आपल्याकडे सहसा खोक्याबाहेर येत नाही, हा भाग वेगळा.

वीज, उष्णता आणि टेम्पोचा प्रवास

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून, म्हणजेच डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावरून, जुळवून घेतलेला संगणक टॅक्सीने, टेम्पोने किंवा एसटीच्या टपावरून घरी पोहोचतो. त्या धक्क्यांत जड ग्राफिक्स कार्ड खाचेतून किंचित सरकते, कूलरचा एखादा स्क्रू सैल होतो. वीज पूर्ण बंद करून, तार काढून, प्रत्येक भाग व जोडणी पुन्हा दाबून बसवावी. कूलरच्या तळाशी असलेले पारदर्शक प्लास्टिक काढायचेच राहून गेले, असेही घडते. संगणक सुरू होतो, पण काम पडताच तापतो. तापमान दाखवणारी आज्ञावली घेऊन पाहावे. नुसता डेस्कटॉप उघडा असताना प्रोसेसर ऐंशी-नव्वद अंशांवर असेल, तर कूलर नीट बसलेला नाही, हे उघड आहे.

विजेच्या बाबतीत आधी भिंतीकडे पाहावे. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लागताच झिणझिण्या येत असतील, तर त्या सॉकेटला अर्थिंग नाही. वायरमनला बोलावून ते दुरुस्त करून घेतल्याखेरीज पुढे जाऊ नये. संगणक काही दिवस दुसऱ्या घरी चालवून पाहिला, तर घरातल्या विजेचा आणि यूपीएसचा प्रश्न निकालात निघतो. गेम सुरू होताच यंत्र फटकन बंद होत असेल, तर एसएमपीएस संशयित. महागडे ग्राफिक्स कार्ड आणि नाव न ऐकलेल्या कंपनीचा एसएमपीएस, ही काटकसर आपल्याकडील जुळणीत सर्रास दिसते. एसएमपीएस उघडण्याचा मोह मात्र टाळावा. वीज काढल्यानंतरही त्यातील कपॅसिटरमध्ये घातक भार राहू शकतो.

या सर्व तपासात एका वेळी एकच बदल करावा. रॅम, ड्रायव्हर आणि बायोस एकाच संध्याकाळी बदलले आणि संगणक सुधारला, तर गुण कशाचा आला, ते कधीच कळत नाही.

प्रोसेसरच दोषी निघाला, तेव्हा

प्रोसेसर सहसा बिघडत नाही, असे तंत्रज्ञ वर्षानुवर्षे सांगत आले. त्या समजुतीला २०२४ मध्ये मोठा तडा गेला. इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीचे वरच्या श्रेणीतील डेस्कटॉप प्रोसेसर वापरणाऱ्यांचे गेम सुरू होतानाच कोलमडत होते आणि पडद्यावर 'व्हिडिओ मेमरी संपली' असा संदेश येत होता. साहजिकच लोकांनी ग्राफिक्स कार्डला दोष दिला. कोणी कार्ड बदलले, कोणी रॅम परत केली, कोणी विंडोज पुन्हा टाकली. अखेर ग्राफिक्स कार्ड बनवणाऱ्या एनव्हिडियानेच एप्रिल २०२४ मध्ये अशा ग्राहकांनी इंटेलकडे चौकशी करावी, असे सांगितले. गेमची संकुचित माहिती उलगडताना प्रोसेसरवर मोठा ताण येतो आणि एक आकडा चुकला तरी हिशेब जुळत नाही. म्हणून चूक नेमकी तेथे उघडी पडत होती.

प्रोसेसर गरजेपेक्षा अधिक व्होल्टेज मागत असल्याचे इंटेलने जुलै २०२४ मध्ये मान्य केले. ऑगस्टमध्ये ०एक्स१२९ आणि सप्टेंबरमध्ये ०एक्स१२बी या क्रमांकांचे सुधारित मायक्रोकोड बायोसच्या अद्ययावत आवृत्त्यांतून देण्यात आले आणि या प्रोसेसरांची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवून पाच वर्षे करण्यात आली. मात्र आधीच झालेली हानी मायक्रोकोडने भरून येत नाही. असा प्रोसेसर बदलूनच घ्यावा लागतो. या पिढ्यांचा संगणक असेल, तर बायोसची आवृत्ती पाहणे हे पहिले काम. बायोस अद्ययावत करताना वीज गेली तर मदरबोर्ड निकामी होऊ शकतो, म्हणून ते काम यूपीएसवरच करावे.

सारा दोष नेहमी यंत्राचाच असतो, असेही नाही. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष फाइलमुळे जगभरातील सुमारे ८५ लाख विंडोज संगणकांवर निळा पडदा आला होता. भारतात विमान प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. पण तेथे असंख्य यंत्रे एकाच दिवशी पडली. शेजाऱ्याचा संगणक व्यवस्थित असताना आपलाच नवा संगणक रोज कोलमडत असेल, तर अशा निदानाच्या मागे लागण्यात अर्थ नाही.

दुकानात जाताना

छायाचित्रे, तारखा आणि मेमटेस्टचा निकाल यांची एक फाइल करावी. तक्रार तोंडी न करता ई-मेलने करावी. जुळणी केलेल्या संगणकात प्रत्येक भागाची वॉरंटी वेगळी असते. म्हणून पावतीवर प्रत्येकाचा अनुक्रमांक हवा. प्रोसेसर खोक्याविना, म्हणजे 'ट्रे' स्वरूपात विकला गेला असेल, तर बदलून घेण्यासाठी सहसा विक्रेत्याकडेच जावे लागते, हे खरेदीपूर्वीच माहीत असलेले बरे. दाद मिळाली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जिल्हा आयोगाकडे जाता येते आणि पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीसाठी तेथे शुल्क लागत नाही.

संगणक दुकानात सोडण्यापूर्वी आपली माहिती दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्यावी आणि आतील भागांच्या अनुक्रमांकांचेही छायाचित्र काढावे. परत घेताना ते क्रमांक पडताळून, दुकानातच अर्धा तास यंत्र पूर्ण भारावर चालवून दाखवायला सांगावे.