दर साडेसात सेकंदांनी

१९६९चा उन्हाळा, न्यूयॉर्क. एका पाळणाघरात भिंतीला टेकून तुम्ही बसलाय, मांडीवर पॅड. समोर चार वर्षांचा एक मुलगा टीव्ही बघतोय. टीव्हीच्या शेजारीच दुसरा पडदा आहे आणि त्यावर दर साडेसात सेकंदांनी नवी स्लाइड येते. खट्ट. पोराची नजर टीव्हीवर राहिली की तिकडे वळली, एवढंच तुम्ही टिपायचं.

ही युक्ती तुमचे साहेब एड पामर यांची. मानसशास्त्राची पदवी घेऊन तुम्ही टीव्हीच्या धंद्यात शिरलात, म्हणून विद्यापीठातल्या सरांनी नाक मुरडलं असेल. मुरडू दे. लहान मुलांसाठी हा नवा कार्यक्रम बनवणाऱ्या 'चिल्ड्रन्स टेलिव्हिजन वर्कशॉप'कडे ऐंशी लाख डॉलर आहेत आणि त्यातले जवळपास निम्मे सरकारचे. गरीब मुलांना शाळेआधी तयार करणारी 'हेड स्टार्ट' योजना १९६५ मध्ये सुरू झाली, पण ती सगळ्यांपर्यंत पोचत नाही. टीव्ही मात्र घरोघरी आहे. या सरकारी पैशाचं चीज होतंय का, ते तुमच्या पॅडवरच्या खुणांवरून कळायचंय.

बाहुल्या आल्या. खट्ट होतं, पण पोरगं हलत नाही. मग रस्त्यावरचा प्रसंग सुरू होतो, मोठी माणसं बोलायला लागतात. खट्ट, मान वळली. पुढच्या स्लाइडला पुन्हा वळली. तुम्ही फुल्या मारत सुटता.

खरी पंचाईत पुढेच आहे. बाहुल्या आणि माणसं एकत्र दाखवू नका, मुलांचा खऱ्या-खोट्याचा गोंधळ उडेल, हा सल्ला तुमच्याच बिरादरीचा. त्यामुळे रस्त्यावर नुसती माणसं, आणि कार्यक्रमाचा सगळा डोलारा तर रस्त्यावरच उभा! निर्माते सल्ला गुंडाळून ठेवतात. कार्यक्रमाच्या बाहुल्या करणारे जिम हेन्सन रस्त्यासाठी आठ फुटांहून उंच पिवळा पक्षी आणि कचऱ्याच्या डब्यातला खडूस ऑस्कर घडवतात. (पहिल्या वर्षी ऑस्कर नारिंगी होता, हिरवा नंतर झाला.) तज्ज्ञांना खोटं पाडणारा पुरावाही मानसशास्त्रज्ञांनीच गोळा केला, याचं मला फार कौतुक वाटतं.

१० नोव्हेंबरला 'सेसमी स्ट्रीट' सुरू होतं. आता मे १९७० मध्ये या. मिसिसिपी राज्याचं शैक्षणिक टीव्ही मंडळ कार्यक्रम दाखवायला नकार देतं, कारण त्यात काळी-गोरी मुलं एकत्र खेळतात. आकडे पुढे करून हा नकार हलणार नव्हता. वर्तमानपत्रांत बोभाटा झाला आणि काही आठवड्यांत मंडळाला माघार घ्यावी लागली. धोरणाच्या कामात हेही येतं, आणि ते कुठल्याच वर्गात शिकवत नाहीत.

त्याच वर्षी 'अ‍ॅक्शन फॉर चिल्ड्रन्स टेलिव्हिजन' ही पालकांची संघटना मुलांच्या कार्यक्रमांतल्या जाहिरातींविरुद्ध सरकारकडे अर्ज करते. कायदा झाला १९९० मध्ये: जाहिराती तासाला जास्तीत जास्त शनिवार-रविवारी साडेदहा मिनिटं, इतर दिवशी बारा. एवढं पदरात पडायला वीस वर्षं गेली.