तुरुंगाच्या खिडकीतून पडलेली चिठ्ठी

आज जरा लांबची गोष्ट सांगणार आहे. दुपारची कामं आटोपली असतील तर बसा निवांत, आणि हातात निवडायला भाजी असेल तर तीही चालू द्या.

अमेरिकेत मोठी माणसं एक लपवाछपवीचा खेळ खेळतात. त्याला जिओकॅशिंग म्हणतात. कुणीतरी एक डबी बागेत, झाडाच्या ढोलीत नाहीतर दगडाआड लपवायची आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांश सगळ्यांना सांगायचे. मग बाकीच्यांनी मोबाइल घेऊन ती हुडकायची. आत एक चिमुकली वही असते. तिच्यात नाव आणि तारीख लिहायची आणि डबी होती तिथे परत ठेवायची. उपग्रहांवरून जागा शोधण्याची सोय मे २०००मध्ये सामान्यांसाठी अचूक झाली, आणि दोनच दिवसांत ऑरेगॉन राज्यात अशी पहिली बादली लपवली गेली. मला आधी वाटलं, रिकामपणचे उद्योग! पण पुष्कळदा अशी डबी एखाद्या स्मारकाजवळ ठेवतात आणि तिथल्या शिळेवरचे आकडे वाचल्याशिवाय पुढचा माग लागत नाही. म्हणजे डबी शोधायला आलेला माणूस शिळा वाचूनच जातो. दुसऱ्या महायुद्धात हरवलेल्या पाणबुड्यांच्या खलाशांचीही आठवण अशी ठेवली जाते.

त्या युद्धात अमेरिकेच्या ५२ पाणबुड्या गेल्या आणि साडेतीन हजारांच्या आसपास माणसं गेली. पाणबुडीवर जाणाऱ्या साधारण पाचांतला एक परत आला नाही. पुढे जुन्या पाणबुडी सैनिकांनी ठरवलं की एकेका राज्याने एकेका हरवलेल्या पाणबुडीची आठवण सांभाळायची. नॉर्थ डकोटा राज्याच्या वाट्याला आली ‘रोबालो’. हे राज्य समुद्रापासून खूप आत, नुसत्या गव्हाच्या शेतांचं. तिथल्या फार्गो शहरात रेड नदीच्या काठी लिंडनवुड नावाची बाग आहे. त्या बागेत रोबालोचं स्मारक आहे. ती नदीसुद्धा गंमतीची, दक्षिणेकडे न जाता उत्तरेला कॅनडाकडे वाहते.

आणि रोबालो जन्मली तीही समुद्रावर नाही. विस्कॉन्सिन राज्यात मॅनिटोवॉक नावाचं गाव आहे, मिशिगन सरोवराच्या काठी. तिथल्या कारखान्यात युद्धकाळात २८ पाणबुड्या बांधल्या गेल्या. गडी माणसं लढाईवर गेलेली, म्हणून कामावर बायकाही होत्या. नदी अरुंद, म्हणून तयार झालेली पाणबुडी आडवीच पाण्यात ढकलायचे. जवळजवळ ९५ मीटर लांबीचं ते धूड! मग चाचण्या झाल्या की शिकागोवरून, तरंगत्या गोदीत बसवून, मिसिसिपी नदीने थेट न्यू ऑर्लीन्सपर्यंत. वाटेतल्या पुलांखालून जावं म्हणून वरच्या काठ्या, दुर्बिणी काढून ठेवायच्या. रोबालो १९४३च्या मे महिन्यात अशीच पाण्यात उतरली.

तिचा शेवटचा कप्तान मॅनिंग किमेल. त्याचे वडील म्हणजे अॅडमिरल हजबंड किमेल. १९४१च्या डिसेंबरात जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला तेव्हा तिथल्या ताफ्याचे प्रमुख हेच. हल्ल्यानंतर त्यांना पदावरून दूर केलं गेलं. वडिलांवर असा ठपका, आणि मुलगा त्याच नौदलात पाणबुडी चालवतोय. घरातल्या बाईमाणसाने ते दिवस कसे काढले असतील, याबद्दल कुठल्या इतिहासात लिहिलेलं नसतं.

२२ जून १९४४ला रोबालो ऑस्ट्रेलियातल्या फ्रीमँटल बंदरातून निघाली. २ जुलैला तिने बिनतारी संदेश पाठवला की बोर्निओच्या पूर्वेला एक जपानी युद्धनौका दिसली आहे. त्यानंतर काहीच नाही. पाणबुडीने गप्प राहणं हे नेहमीचंच, कारण बोललं की शत्रूला ठिकाण कळतं. म्हणून ती येण्याची तारीख उलटून जाईपर्यंत कुणाला काळजीही करता येत नाही. तारीख उलटली की कागदावर एक शब्द लिहायचा: बेपत्ता.

आपल्या सातारा-कोल्हापूरकडच्या बायकांना हा शब्द समजावून सांगायला नको. मेला म्हटलं तर रडता येतं. बेपत्ता म्हटलं की कुंकू लावायचं की पुसायचं हेही ठरत नाही. अमेरिकेत तेव्हा कायदा असा होता की बेपत्ता सैनिकाचा पगार घरी चालू राहायचा आणि साधारण वर्ष झालं, काही बातमी आली नाही, की त्याला मृत ठरवता यायचं. म्हणजे वर्षभर चूल पेटायची ती नवरा जिवंत असल्याच्या हिशेबावर. त्याच जुलैत आपल्याकडच्याही घरांत वाईट बातम्या येत होत्या. माणगावला ज्यांचा पुतळा आहे ते रायगडचे यशवंत घाडगे १० जुलै १९४४लाच इटलीत पडले. पण ते कुठे आणि कसे पडले हे सोबतच्या जवानांनी पाहिलं होतं. रोबालोचं काय झालं हे सांगायला कुणीच नव्हतं.

नव्हतं, असं वाटलं होतं.

फिलिपिन्समध्ये पालावान नावाचं लांबट बेट आहे. तेव्हा ते जपानच्या ताब्यात होतं. पुएर्तो प्रिन्सेसा या गावी त्यांचा कैद्यांचा तळ होता. २ ऑगस्टला तिथल्या तुरुंगाच्या खिडकीतून एक चिठ्ठी खाली पडली. कामासाठी बाहेर काढलेल्या एका अमेरिकन कैद्याने ती उचलली आणि नौदलातल्या दुसऱ्या एका कैद्याला दिली. ४ तारखेला त्याने त्रिनिदाद मेंडोझा या बाईंशी संधान बांधलं. या बाईंचे पती डॉक्टर मेंडोझा बेटावरच्या गनिमी लढ्याचे पुढारी. त्याच वर्षी जानेवारीत जपान्यांनी त्यांना ठार केलं होतं. म्हणजे सहा-सात महिन्यांपूर्वी विधवा झालेली बाई, जपानी पहाऱ्याच्या गावात, परक्या देशातल्या बायकांच्या नवऱ्यांची खबर गोळा करत होती. पकडली गेली असती तर काय झालं असतं, हे तिला सगळ्यांपेक्षा जास्त ठाऊक होतं. मला या साऱ्या गोष्टीत कप्तानापेक्षाही हीच बाई आठवत राहते.

चिठ्ठीतून आणि बाईंनी मिळवलेल्या माहितीतून एवढं कळलं: २६ जुलैला रोबालोच्या मागच्या बॅटरीपाशी स्फोट झाला, बहुतेक सुरुंगाचा. चौघेच पोहत किनाऱ्याला लागले, जंगल तुडवत एका वस्तीपाशी पोहोचले आणि जपानी लष्करी पोलिसांच्या हाती सापडले. त्यांना युद्धकैदी न मानता गनिमी कारवायांखाली कोंडलं. १५ ऑगस्टला एका जपानी विनाशिकेवर चढवून त्यांना कुठेतरी नेलं. पुढे त्यांचा पत्ता लागला नाही. रोबालोवरच्या ८१ जणांपैकी एकही घरी आला नाही. आणि योगायोग पाहा, अॅडमिरल किमेल यांच्या काळातल्या पर्ल हार्बरची नौदलाची चौकशी सुरू झाली ती २४ जुलैला. दोन दिवसांनी त्यांचा मुलगा गेला, आणि त्यांना ते माहीतही नव्हतं.

चिठ्ठी काही सगळीच बरोबर नव्हती. तिच्या आधारे नौदलाने जागा धरली ती पालावानच्या पश्चिम किनाऱ्यालगतची. प्रत्यक्षात २०१९ साली समुद्रतळ धुंडाळणाऱ्या पथकाला रोबालो सापडली ती बालाबाक बेटाच्या पूर्वेला. हातोहात, कानोकानी आलेली बातमी. इकडचं तिकडे व्हायचंच. तरी ७५ वर्षं त्या माणसांबद्दल जे काही माहीत होतं ते बहुतेक त्या एवढ्याशा कागदावरून आणि एका बाईच्या धाडसावरून.

पाणबुडी वर काढलेली नाही, काढणारही नाहीत. युद्धात बुडालेली जहाजं नौदल कबरीसारखी मानतं, तिथलं काही हलवत नाही. फार्गोच्या बागेत मात्र माणसं येत-जात असतात. हिवाळ्यात तिथे रेड नदी गोठते आणि उन्हाळ्यात काठावर पोरं खेळतात.