पेव, बळद आणि रिकामी कणगी

‘पेव फुटणे’ हा वाक्प्रचार आपण सहज वापरतो. प्रत्यक्ष पेव मात्र आपल्यापैकी फार थोड्यांनी पाहिलेले असते. दख्खनच्या गावांत घट्ट मातीत अरुंद तोंडाचा खोल खड्डा खणत, आतून कडबा लावून त्यात ज्वारी भरत आणि तोंड लिंपून टाकत. कोंडलेल्या हवेत किडीला जगता येत नसे. माणसालाही नसे, पेव उघडल्यावर आतला वायू निघून जाण्याआधी जो उतरे, तो प्राणास मुके. वाड्यांत हेच काम भिंतीतले बळद करी.

दामाजीपंतांनी मंगळवेढ्याची सरकारी कोठारे दुष्काळपीडितांसाठी खुली केली, ही कथा आपण शिकतो आणि शिकवतो. तीत घरोघरच्या साठ्याचा उल्लेख नाही. तो असता, तर कोणाच्या घरी, हे विचारावे लागले असते. (संतकथेला असले प्रश्न परवडत नाहीत.) अवर्षणाची तयारी म्हणजे उरलेले धान्य, मजुरीवर जगणाऱ्याची कणगी एरवीही पुढच्या सुगीपर्यंत पुरत नसे. १८७६-७८च्या दुष्काळात सरकारी कामांवर खडी फोडायला गेले ते प्रामुख्याने असेच लोक. १८७७च्या आरंभी रिचर्ड टेंपल यांनी त्यांची मजुरी दिवसाला एक पौंड, म्हणजे सुमारे ४५० ग्रॅम, धान्य आणि वर किरकोळ पैसे या हिशेबावर आणली. मुंबई इलाख्यातील हजारो मजुरांनी तेव्हा कामे सोडली. त्यांच्या घरी उघडायला पेव नव्हते, तरीही सोडली.