काडतुसातील गोळीची खोली : अंतर सुताचे, परिणाम मोठा

रायफलच्या काडतुसाचे घटक चार : पितळी पुंगळी, तिच्या बुडाशी असणारा प्रायमर, आतील दारू आणि तोंडाशी घट्ट बसवलेली गोळी. अमेरिकेत अनेक नेमबाज व शिकारी वापरलेल्या पुंगळ्या पुन्हा भरून स्वतःची काडतुसे तयार करतात. याला 'हँडलोडिंग' म्हणतात. यात दारूच्या वजनाइतकेच महत्त्व गोळी किती खोल बसवली आहे, याला असते.

दाबाचे गणित
रायफलच्या नळीत आतून सर्पिलाकार खाचा व उंचवटे असतात. गोळी पुंगळीतून सुटल्यावर थोडी मोकळी जागा ओलांडते आणि मग या उंचवट्यांत रुतून फिरू लागते. हे अंतर म्हणजे 'जंप'. गोळी फार खोल बसवल्यास दारूसाठीची जागा आक्रसते आणि दाब वाढतो. लहान पुंगळीत हा परिणाम अधिक तीव्र असतो. उलट, गोळी उंचवट्यांना टेकेल इतकी बाहेर ठेवल्यास तिला सुरुवातीचा वेग घेता येत नाही. त्यानेही दाब वाढतो. शिवाय न झाडलेले काडतूस बाहेर काढताना गोळी नळीतच अडकून दारू सांडण्याचा धोका असतो.

मोजमाप
१९२६ मध्ये स्थापन झालेली 'सामी' ही अमेरिकी उत्पादकांची संस्था काडतुसांची मापे निश्चित करते. १९०६ च्या सुप्रसिद्ध '.३०-०६ स्प्रिंगफील्ड' काडतुसाची कमाल लांबी ३.३४० इंच (सुमारे ८४.८ मिलिमीटर) आणि कमाल सरासरी दाब प्रति चौरस इंच ६०,००० पौंड ठरलेला आहे. मात्र गोळ्यांची टोके एकसारखी नसतात. त्यामुळे जाणकार टोकाऐवजी गोळीच्या वक्र भागावरील ठराविक व्यासापासून, कॅलिपरला जोडलेल्या 'कम्पॅरेटर'ने मोजतात.

अचूकता
कोणती जंप सर्वोत्तम, याचे एकच उत्तर नाही. काही गोळ्या उंचवट्यांजवळ अचूक लागतात, तर काहींना दूरचे अंतर मानवते. म्हणून इंचाच्या काही हजारांश भागाने खोली बदलत लक्ष्यावरील गोळ्यांचा समूह पाहिला जातो. त्यातही मॅगझिनची लांबी मर्यादा घालतेच. तसेच पुंगळीच्या मानेची पकड पुरेशी नसल्यास धक्क्याने गोळी आत सरकू शकते.

गोळी, पुंगळी किंवा खोली यांपैकी काहीही बदलले, तर दारूचे प्रमाण कमी करून चाचणी नव्याने सुरू करावी, हा या क्षेत्रातील मूलभूत दंडक आहे. तो मोडल्यास रायफल फुटून नेमबाज जखमी होऊ शकतो.

भारतात हा घरगुती छंद ठरू शकत नाही. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ अन्वये दारूगोळ्याच्या निर्मितीसाठी परवाना आवश्यक आहे.