‘लाईन’ : एका परक्या शब्दाचा संसार

परके शब्द भाषेत दोन वाटांनी येतात. काही पंडितांचे बोट धरून येतात आणि कोशात मानाने जाऊन बसतात. काही मात्र शिपाई, मजूर, हमाल आणि उतारू यांच्या तोंडून आत शिरतात व कोणाची परवानगी न घेता घर करून राहतात. या दुसऱ्या जातीच्या शब्दांची विचारपूस सहसा कोणी करीत नाही; वस्तुतः समाजाचा इतिहास त्यांच्याच अंगावर अधिक स्पष्टपणे उमटलेला असतो. ‘लाईन’ हा असाच एक शब्द आहे. पाचोऱ्यासारख्या जंक्शनच्या गावी तो दिवसाकाठी किती अर्थांनी कानावर पडतो, याची मोजदाद केली तर वाचकांस नवल वाटेल. गाडी लाईनीवर थांबते, शिपाई पोलीस लाईनीत राहतो, शेतकरी पंपासाठी लाईनीची वाट पाहतो, गिऱ्हाईक लाईनीत उभे राहते, आणि दहावीच्या निकालानंतर ‘मुलास कोणत्या लाईनीला घालावे’ या चिंतेत बाप पडतो. तरुणांच्या बोलीत या शब्दाचा आणखीही एक अर्थ आहे. तो सर्वांस ठाऊक असल्यामुळे आम्ही येथे फोड करीत बसत नाही.

या शब्दाचे मूळ लॅटिन ‘लिनेआ’ यात आहे. लिनेआ म्हणजे तागासारखा दोरा. आणि तो ज्या झाडाच्या वाखाचा करीत, ते ‘लिनुम’ म्हणजे आपली अळशी अथवा जवस. ज्या अळशीचे तेल आपण काढतो, तिच्याच धाग्यावरून ‘लिनन’ हे कापडाचे नाव पडले आणि ‘लाईन’ हा शब्दही निघाला. ताणलेला दोरा सरळ असतो, म्हणून दोऱ्याची झाली रेघ. रेघेची झाली रांग. रांगेचा झाला मार्ग. आणि मार्गाचा झाला जीवनक्रम. हा अर्थविस्तार आपणांस मुळीच अपरिचित नाही. संस्कृतातील ‘सूत्र’ हाही प्रथम दोराच होता. यज्ञवेदी मोजावयाच्या दोरीवरून ‘शुल्बसूत्रे’ हे नाव आले, पुढे सूत्र म्हणजे नियम झाला, आणि सूत धरून लाकूड कापणारा सूत्रधार तो आपला सुतार. वाकडा वागणारा माणूस ताळ्यावर आला की आपण म्हणतो, ‘सुतासारखा सरळ झाला’. आजचा मुलगा म्हणतो, ‘लाईनीवर आला’. दोन्ही वाक्प्रचारांत हातातला दोरा एकच आहे. फक्त एकाचा कापसाचा, दुसऱ्याचा अळशीचा.

परंतु हा शब्द खानदेशात आला तो व्युत्पत्तीच्या वाटेने नव्हे, तर सत्तेच्या वाटेने. १८१८ साली पेशवाई बुडाली व हा मुलूख इंग्रजांकडे गेला. १८२५ साली औट्रम या अधिकाऱ्याने भिल्लांची पलटण उभारली आणि धरणगाव हे तिचे ठाणे झाले. फौजेच्या राहण्यासाठी एका आखणीत बांधलेल्या खोल्यांच्या रांगा, त्या इंग्रजी परिभाषेतील ‘लाईन्स’. फौजेमागून पोलीस आले, आणि पोलीस लाईन हा शब्द जिल्ह्याजिल्ह्यांतून रूढ झाला. नागपुरासारख्या शहरी साहेबलोकांच्या बंगल्यांची वस्ती ‘सिव्हिल लाईन्स’ म्हणून ओळखली जाऊ लागली. आपल्या गावाला आळी होती, पेठ होती, वाडा होता, गल्ली होती. परंतु या वस्त्या माणसांच्या सोयीने वळत गेलेल्या. हुकुमाने सरळ आखलेली वस्ती नवी होती, म्हणून तिचे नावही नवेच राहिले. राज्यकर्ता व प्रजा यांमधील अंतर त्या आखणीत होते, हेही विसरता येत नाही.

यानंतर आगगाडी आली. १८५३ साली बोरीबंदरहून ठाण्यास पहिली गाडी गेली, १८६५ साली थळ घाट चढून ती इगतपुरीस पोहोचली, आणि त्याच दशकात खानदेश मुंबईशी जोडला गेला. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१ ते १८६५) तेथील कापूस इंग्लंडास मिळेनासा झाला होता. खानदेशच्या काळ्या जमिनीतील कापसास तेव्हा जो भाव आला, त्याने या भागाचे रूपच पालटले. मराठी माणसाने वाफेच्या वाहनाला ‘आगगाडी’ हे आपले नाव दिले, लोखंडी पट्ट्यांस ‘रूळ’ म्हटले. परंतु मार्ग, त्यावरील बंदोबस्त आणि वेळापत्रक या सर्वांस मिळून एक शब्द हवा होता, तो ‘लाईन’ने पुरविला. रूळ हाताने चाचपता येतो. लाईन ही व्यवस्था आहे. ‘लाईन क्लिअर’ हा स्टेशनमास्तरांचा परवलीचा शब्द पुढे घरोघर शिरला, आणि सोयरिकीतील अडचण दूर झाली तरी लोक ‘लाईन क्लिअर’ म्हणू लागले.

पहिल्या महायुद्धाच्या अखेरीच्या सुमारास पाचोरा-जामनेर ही अडीच फूट रुंदीची, पस्तीस मैलांची लहान लाईन झाली व पाचोरा जंक्शन बनले. शेंदुर्णी, पहूर अशी गावे घेत ही गाडी जामनेरास जाई. लोक प्रेमाने तिला ‘पी.जे.’ म्हणत. मोठ्या लाईनीने मुंबई जवळ आणली. या धाकटीने बाजार, शाळा आणि माहेर जवळ आणले.

येथे एक प्रश्न उभा राहतो. ‘लाईन’ने आपल्या ओळीस, रांगेस व पंक्तीस देशोधडीस लावले काय? आमच्या मते तसे घडलेले नाही. शेतात पाभर चालते तेथे तास असते, काकरी असते, लाईन नसते. पत्रात आपण ‘चार ओळी’ लिहितो; कवितेलाही ओळीच असतात. आणि पानावर बसलेल्या मंडळींच्या पंक्तीची जी ‘पंगत’ झाली, तिला लाईन म्हणण्याचे धाडस अजून कोणी केलेले नाही. सारांश, जी व्यवस्था आपली होती तिचे शब्द टिकले. जी बाहेरून आली ती आपले नाव घेऊन आली. तारायंत्र हा याचा मासलेवाईक दाखला होय. ‘तार’ हा शब्द आपल्या सतारीवर आधीच होता, म्हणून इंग्रजांची टेलिग्राफ आपल्याकडे ‘तार’च झाली. वीज आणि टेलिफोन मात्र कचेऱ्यांच्या मार्फत आले, आणि त्यांच्यासवे ‘लाईन’ व ‘लाईनमन’ही आले.

शिवाय हा पाहुणा येथे आल्यावर साहेब राहिला नाही. इंग्रजीत त्याला लिंग नव्हते. मराठीने ओळ, रांग, रेघ, वाट या सख्यांच्या संगतीस त्याला स्त्रीलिंगी करून बसविले, आणि विभक्ती लावून लाईनीत, लाईनीला, लाईनीवरून असे चालविले. ज्या शब्दाचे सामान्यरूप होते, तो शब्द दत्तक गेला असे समजावे. शिवाजी महाराजांच्या राज्यव्यवहारकोशापासून सावरकरांच्या भाषाशुद्धीपर्यंत आणि माधव जूलियनांच्या ‘भाषाशुद्धि-विवेका’पर्यंत या विषयाची चर्चा झाली आहे. तिचा आदर राखून आम्ही इतकेच म्हणू की, ‘कवितेची लाईन’ म्हणणाऱ्यास जरूर टोकावे. ‘पोलीस लाईन’ म्हणणाऱ्यास टोकण्यात अर्थ नाही. पहिल्याच्या घरी शब्द असून तो उसनवारी करतो. दुसरा इतिहासाने दिलेले नाव घेतो.

आणि एका बाबतीत तर या शब्दाचे उपकारच मानले पाहिजेत. पंगत हा शब्द कितीही गोड असला, तरी पंक्तिभेद हा त्याच्या पाठीस लागलेला कलंक आहे. कोणी कोठे बसावे हे तेथे जन्माने ठरे. तिकिटाच्या खिडकीपुढील आणि दुसऱ्या महायुद्धातील रेशनच्या दुकानापुढील लाईनीत मात्र आधी आला तो आधी, एवढाच नियम. तो नेहमी पाळला गेला असे नव्हे. परंतु नियम मोडणाऱ्यास ‘लाईनीत या’ असे सांगण्याचा हक्क सर्वांत मागे उभ्या असलेल्या माणसासही मिळाला. हा हक्क आपल्या जुन्या शब्दांनी त्याला दिला नव्हता.

पाचोरा-जामनेर गाडी २०२० च्या मार्चमध्ये, महामारीच्या काळात थांबली ती पुन्हा त्या अरुंद रुळांवर धावली नाही. पुढे तो मार्ग रुंद करण्याची योजना हाती घेण्यात आली. जुने रूळ जातील, नवे येतील. ज्या मुलांनी ती छोटी गाडी पाहिलीच नाही, तीही ‘पी.जे.ची लाईन’ असेच म्हणतील. शब्द वस्तूपेक्षा दीर्घायुषी असतो. तो जपून ऐकणे, हे इतिहासाच्या अभ्यासकाचे निम्मे काम होय.