जठरातली गाठ: कापायची की केमो?

आपल्या कासू-नागोठणे पट्ट्यात कॅन्सर म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला, "गाठ काढली का?" ऑपरेशन म्हणजे खरा इलाज, आणि केमो म्हणजे डॉक्टरांनी हात टेकले! हा समज हवेतून आलेला नाही. जठराच्या लिम्फोमात १९८०च्या दशकापर्यंत जठर कापून काढणं हाच मुख्य उपचार होता.

मेक्सिकोतल्या डॉक्टरांनी तो पारखून बघितला. वेगाने वाढणाऱ्या, मोठ्या पेशींच्या लिम्फोमाचे, सुरुवातीच्या अवस्थेतले ५८९ रुग्ण; चिठ्ठ्या टाकाव्यात तसे चार गट पाडले. २००४ साली निकाल छापला. दहा वर्षांनी हयात किती? नुसतं ऑपरेशन: ५४ टक्के. ऑपरेशन करून केमो: ९१. आणि सुरी न लावता फक्त केमो: ९६! वर जठर शाबूत राहिलं ते वेगळंच.

'माल्ट' नावाचा संथ प्रकार तर आणखी निराळा. १९९३ मध्ये छापलेल्या अभ्यासात डॉक्टरांनी जठरातल्या हेलिकोबॅक्टर जंतूवर अँटिबायोटिक दिली, सहापैकी पाच जणांचा लिम्फोमा ओसरला.

जठर फुटलं, रक्त थांबेना, तर ऑपरेशन लागतंच. जठराच्या नेहमीच्या कॅन्सरचं गणितही वेगळं, तिथे सुरीला मान आहे. म्हणून आधी बायोप्सी, मग निर्णय. परळचं टाटा १९४१ पासून आहे, आता खारघरलाही त्यांचं केंद्र आहे, म्हणजे आपल्याला पनवेलच्या जरा पुढे. जाताना नुसता रिपोर्टचा कागद नको, बायोप्सीच्या स्लाइड आणि ब्लॉक लॅबमधून मागून घ्या.