आईच्या नावाचे देऊळ

रामटेकचा डोंगर आम्ही साहित्याची माणसे बहुधा कालिदासासाठी चढतो. मेघदूतातला रामगिरी तो हाच, असे वा. वि. मिराशींनी प्रतिपादन केले आणि आम्हा नागपूरकरांना ते मनापासून पटले. गडावरचे केवल नरसिंहाचे मंदिर मात्र आमच्याकडून घाईतच मागे पडते.

मंदिर पाचव्या शतकातले, वाकाटकांचे. लहानसा मंडप, त्यामागे गर्भगृह, वर सपाट छत. आत नरसिंह एकटाच. हिरण्यकशिपू नाही, वध नाही. हाती चक्र घेऊन देव ऐसपैस बसला आहे.

१९८० च्या दशकात मंडपाच्या भिंतीवरचा गिलावा निघाला आणि खाली ब्राह्मी लिपीतला संस्कृत शिलालेख दिसला. बराच झिजलेला, ओळी खंडित. तरी प्रभावतीगुप्तेच्या मुलीने आईच्या पुण्यासाठी देऊळ बांधले व देवाला ‘प्रभावतीस्वामी’ हे नाव दिले, असे अभ्यासकांनी त्यातून वाचले.

प्रभावतीगुप्ता ही दुसऱ्या चंद्रगुप्ताची कन्या. पती दुसरा रुद्रसेन अकाली गेल्यावर तिने मुलाच्या वतीने नंदिवर्धनाहून, म्हणजे रामटेकजवळच्या नगरधनहून, राज्य चालवले. तिचा ऋद्धपूरचा (होय, लीळाचरित्रातलेच ऋद्धपूर) ताम्रपट रामगिरिस्वामीच्या चरणांपासून दिलेला आहे. ताम्रपटांत ती वंशावळ सांगते तीही सासरची नव्हे, माहेरच्या गुप्तांची.

कालिदासाचे नाव असलेला एकही प्राचीन दगड आम्हांला या डोंगरावर ठाऊक नाही. मुलीने आईसाठी कोरवलेली अक्षरे आहेत. मेघदूत शिकवताना ती आम्ही एकदाही वर्गात दाखवली नाहीत.